हत्ती पाण्याला थांबला असता

वहिनी,

हे मी देवनागरीत लिहिते आहे. आपल्या घरात ही लिपी वाचणारी तू एकटी होतीस, आणि आता तूही नाहीस. अण्णा तुझा नवरा असून मराठी बोलतो तेवढीच. लिहायचं झालं की तमिळ, नाहीतर इंग्रजी. अप्पांना मोडी यायची, ती त्यांच्याबरोबर गेली. मला ही अक्षरं तू शिकवलीस, परातीत तांदळाचं पीठ पसरून, दुपारी सगळे आडवे झाल्यावर. 'ळ' काढताना माझं बोट अडखळायचं आणि तू ते धरून फिरवायचीस. तेव्हा आज निर्धास्त लिहिते. कुणी खांद्यावरून वाचील ही भीती नाही.

तेराव्याला माणसं काय काय बोलून गेली, ऐकायला हवं होतंस. "फार सोशिक बाई," असं ओरत्तनाडूच्या मावशी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. सोशिक म्हणे. चार वर्षं ओळीनं हरून पाचव्या वर्षीही वेढ्यात सापडलेलीच बाजू मागून घेणाऱ्या बाईला मी सोशिक म्हणणार नाही. हट्टी म्हणेन. मी पानात भात वाढत राहिले. पण माझ्या वहिनीला कुणी सोशिक म्हणावं याचा मला दिवसभर राग येत होता. मला तुझा अभिमान वाटतो, वहिनी. तुझ्या तोंडावर हे कधी म्हटलं नाही, कारण तू नाकानं हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "सरि, बरं, आता ताटं उचल."

तू पापनाशमहून लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारा वर्षांची. तुझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत गुंडाळलेली राजा-राणीची जोडी होती, लाल लाकडाची, प्रत्येक मुलीला माहेरून मिळते तशी. इकडे तिला मरप्पाची म्हणतात. त्या वर्षीच्या नवरात्रात आईनं नेहमीसारखा बाहुल्यांचा कोलू मांडला. सात पायऱ्या, पांढरी धोतरं अंथरलेली, वर देव, खाली वाणी नि त्याची बायको, आणि सगळ्यांत उंच पायरीवर आईची स्वतःची मरप्पाची जोडी. तुझी जोडीही तिथंच शेजारी ठेवू म्हणाली आई.

तू म्हणालीस, "नको आत्याबाई, वर गर्दी आहे. माझी राणी खाली राहील. तिला काम आहे."

नवी सून पहिल्याच नवरात्रात असं बोलली म्हणून आईच्या हातातली बाहुली तशीच राहिली. अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं.

कोलूच्या पायऱ्यांपुढे जमिनीवर घरोघरच्या मुली बाग मांडतात, बाजार मांडतात, नाचणी पेरून हिरवळ वाढवतात, आरशाचं तळं करतात. तू तिथं रणांगण मांडलंस. लाल सिमेंटच्या जमिनीवर कोलमचे, रांगोळीचे, ठिपके घातलेस, एकवीस रांगा, प्रत्येकीत एकवीस. मधोमध विटकरीचा किल्ला. नाचणीचं रान. लांबट आरशाची नदी. किल्ल्यात तुझी राणी आणि राजा, चार घोडेस्वार, देवळाच्या खांबावर असतो तसा सिंहतोंड्या एक याळी, एक म्हातारा नावाडी. आणि भोवती, चहू बाजूंनी, मिठाचे राक्षस.

हे राक्षस तुझ्या डोक्यातून निघाले होते. ते समुद्रातून येतात, म्हणालीस, आणि जिथं पाय ठेवतात तिथली शेतं खारट होतात. कावेरीकाठचं सगळं भात त्यांनी गिळलं. उरलंय ते एका गाडग्यातलं बियाणं, आणि ते राणीच्या कडेवर आहे. राणी वेढ्यातून निसटून शेवटच्या ठिपक्यांच्या रांगेपलीकडे गेली तर पुन्हा पेरणी होईल. नाही गेली तर संपलं. तू राणीच्या कडेला खरंच एक बोटाएवढं गाडगं दोऱ्यानं बांधलं होतंस, आणि त्यात खरंच साळीचे चार दाणे होते. मी बारा वर्षांची होते, मला त्या रात्री झोप लागली नाही.

राक्षसांची बाजू घ्यायला कुणी तयार नव्हतं. अण्णा तर म्हणाला, मला ऑफिसात पुरेसे राक्षस आहेत. तेव्हा अप्पा उठले. कलेक्टर कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरात सून आल्यावर काय बोलावं हे दोन महिने न सुचलेला, धोतर सावरून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वेढा मी घालतो. पण नियम लिहून काढले पाहिजेत."

मग नियम झाले. फूलस्केप कागदावर, इंग्रजीत, आकडे घालून, कचेरीतल्या त्या सुंदर अक्षरात. सहा चिंचोके, एका अंगानं घासून पांढरे केलेले. जितके पांढरे तितकी पावलं. मान डोलवणारी आपली तंजावूरची बाहुली मध्ये ठेवायची, तिच्या डोक्याला टिचकी मारायची, आणि तिची मान थांबायच्या आत आपली खेळी करायची. ही कल्पना तुझी. नियम चौथा: आडवी झालेली बाहुली मेली. हा अप्पांचा. डाव कोलू उतरेपर्यंत चालायचा, रोज दुपारी पाच-सहा खेळ्या, कारण संध्याकाळी बायका कुंकवाला येत आणि सुंडल, उसळीचा प्रसाद, वाटायचं असे.

त्या पहिल्या डावातच मी तुला "अगे वहिनी, तू मूर्ख आहेस का, याळी मागे घे" असं ओरडले. तोवर "तुम्ही" म्हणत होते. आईनं माझा कान धरला. तू म्हणालीस, "असू द्या आत्याबाई, लढाईत कोण अहो-जाहो करतं?" आणि मग आपण दोघी जन्माच्या तू-तुकाऱ्यावर आलो. याळी मात्र मागे घेतला नाहीस. तो मेला.

चार वर्षं अप्पा जिंकले. त्यांना वेढा घालता येत होता हे कबूल करायला हवं. घाई नाही, राग नाही, दर खेळीला फास एक ठिपका आवळायचा. त्यांचा मोठा हत्ती, कुंभकोणमच्या बाजारातून आणलेला मातीचा, तीन पावलं पडली की समोर येईल त्याला आडवं करायचा. दरवर्षी राणी पडली की अप्पा तिला स्वतः उचलून, धोतराच्या सोग्यानं पुसून तुझ्या हातात देत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी बाजू बदलू, सूनबाई. तुम्ही वेढा घाला." आणि तू म्हणायचीस, "नको मामंजी. आत सापडलेल्याचा डाव मज आवडतो."

नवे पैसे आले त्या वर्षीचं नवरात्र हे पाचवं. मी एस.एस.एल.सी. होऊन चार महिने घरात बसले होते. गणितात पहिली आले होते आणि वांगी चिरत होते. ओरत्तनाडूकडचं एक स्थळ आलं होतं. माणसं वाईट नव्हती, भातशेती मोठी होती, मुलगा मला एकदाच दिसला आणि तेव्हा तो आपल्या बैलाविषयी बोलत होता. विजयादशमी झाल्यावर कळवतो, असं अप्पांनी सांगून ठेवलं होतं. मला त्रिचीला कॉलेजात जायचं होतं, हॉस्टेलात राहून. मी हे एकदाच म्हटलं. अप्पा चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "आपल्या घरात तसा रिवाज नाही." या वाक्यावर काही बोलताच येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी परसात जाऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसून रडले, आणि तू शेजारी बसून केळफूल निवडत राहिलीस. धीराचा एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, हिला काय.

नवरात्राच्या पहिल्या दुपारी डाव मांडून झाल्यावर तू चिंचोके हातात धरून थांबलीस.

"मामंजी, यंदा एखादा पण लावायचा का?"

"कसला?"

"चार वर्षांत राणी एकदाही सुटली नाही. यंदा सुटली तर अंबूही सुटली. तिला त्रिचीला धाडायचं."

अण्णा खोकला. आई आतल्या दारात उभी होती, ती तिथंच थांबली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या वेढ्याचा त्यांना इतका भरवसा होता, आणि खरं सांगायचं तर तुझ्यावर इतका जीव होता, की त्यांना नाही म्हणवेना. "आणि सुटली नाही तर?"

"तर अंबू तुम्ही म्हणाल तिथं हळद लावून बसेल. तोंड वाकडं न करता."

मज विचारलंस का गे? नाही विचारलंस. मी तिथंच बसले होते, आणि माझा जन्म तू सहा चिंचोक्यांवर लावलास. अप्पांनी कागदाच्या तळाशी पण लिहिला, दोघांनी सह्या केल्या. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. पुढल्या दहा दिवसांत काय काय पाहिलं ते आठवलं की आता वाटतं, माझा जन्म बऱ्या हातांत होता.

कारण असा डाव तू कधी खेळली नव्हतीस. तिसऱ्या दिवशी घोडेस्वार गेले. पाचव्या दिवशी याळी गेला, पण जाताना दोन हत्ती घेऊन गेला. सातव्या दिवशी तू राजाला नगारा देऊन उत्तरेच्या दरवाजानं बाहेर काढलंस, एकट्याला. सगळं राक्षससैन्य तिकडं धावलं. अप्पांनी राजाला आडवं केलं आणि चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, नवऱ्याला मरायला धाडलंत?"

"राजे असतात कशाला, मामंजी? बियाणं राणीकडं आहे."

अण्णा म्हणाला, आजपासून या घरात मी जपून राहतो. तू हसलीस सुद्धा नाहीस, बाहुलीच्या डोक्याला टिचकी मारलीस आणि राणीला दक्षिणेच्या खिंडीतून काढलंस. मला आठवतं, त्या दुपारी मी पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम, केसाला पीठ लागलेलं. तू माझ्यासाठी लढत होतीस आणि तुला त्यात मजाही येत होती, दोन्ही एकदम.

आठवा आणि नववा दिवस तू राणीला आरशाच्या काठाकाठानं नेलंस. सरळ गेलीस तर चार ठिपके वाचत होते. मी कुजबुजले, "एवढा वळसा कशाला?" तू म्हणालीस, "गप बस." मला वाटलं, थकली, चुकली. ही गोष्ट ध्यानात ठेव, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

विजयादशमीच्या दुपारी राणी कडेपासून दोन ठिपके आत होती. तिच्याजवळ उरला होता फक्त तो म्हातारा नावाडी, मागे कुठंतरी आरशावर. आणि अप्पांचा मोठा हत्ती राणीपासून तीन ठिपक्यांवर, सरळ रेषेत. खेळी अप्पांची होती. तेवढ्यात बाहेर कुंकवाला बायका आल्या, डाव थांबला. पुढली खेळी सकाळी फिल्टरची कापी झाल्यावर, कोलू उतरायच्या आधी. अप्पा सोवळं नेसून देवळात गेले. तू आत हरभऱ्याच्या सुंडलवर खोबरं घालत होतीस.

सहा चिंचोक्यांत तीन किंवा जास्त पांढरे पडायची शक्यता तीनात दोन असते. हे मी आज मुलींना फळ्यावर शिकवते. तेव्हा आकडा ठाऊक नव्हता, पण हत्ती बहुधा पोहोचणार एवढं कळत होतं.

बायका गेल्यावर आईनं आरती केली, लाल पाणी ओवाळलं. मग दरवर्षीसारखी बाहुली निजवायची वेळ आली. ही आपल्याकडची रीत: विजयादशमीच्या संध्याकाळी एका बाहुलीला आडवं निजवायचं, कोलू संपला म्हणून, आणि दुसऱ्या सकाळी तिलाच सगळ्यांत आधी उचलून पेटीत ठेवायचं, मग बाकीच्या. आई दरवर्षी आपल्या जोडीतली राणी निजवायची. त्या संध्याकाळी ती वरच्या पायरीकडे हात नेत होती, आणि मी म्हणाले, "आई, वहिनीच्या राणीला निजव."

हे मी म्हणाले, वहिनी. मी.

आईनं हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या डावाकडे पाहिलं. ती कधी खेळली नाही, कधी नियम विचारले नाहीत. आम्ही समजत होतो तिला यातलं काही कळत नाही. तिनं वाकून तुझी राणी ज्या ठिपक्यावर होती तिथंच, विड्याच्या पानावर, आडवी निजवली. गाडगं सांडू नये म्हणून त्याखाली बोट धरलं. 

माझ्या डोक्यात काही बेत नव्हता, देवाशपथ. मला फक्त ते थांबायला हवं होतं. सकाळी तो हत्ती उचलला जाताना मला बघायचा नव्हता. निजलेल्या बाहुलीला कोण मारतं, एवढंच वाटलं. नियम चौथा मी विसरलेच होते, नियम लिहिताना शेजारी बसून दौत धरली होती तरी.

अप्पा देवळातून आले, अंगारा लावलेलं कपाळ घेऊन डावापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "राणी पडली."

तू खोबऱ्याचे हात घेऊन धावत आलीस. "पडली नाही मामंजी, निजलीय. आत्याबाईंनी निजवलीय."

"आडवी झालेली बाहुली मेली. रूल नंबर चार."

"निजणं आणि मरणं एक असतं का? सकाळी उठेल ती. तुमची खेळी राहिलीय, ती खेळा, मज काही भीती नाही."

हे तुझं वाक्य होतं. मज काही भीती नाही. आम्ही कुणी ते ऐकलंच नाही.

सकाळी पुन्हा तेच सुरू झालं. अप्पा कापीचा पितळी डवरा हातात घेऊन नियम चार वाचून दाखवताहेत, तू पदर खोचून समोर. तेवढ्यात आई न्हाऊन आली, ओल्या केसांची. दोघांच्या मधून वाकली, राणीला पानावरून उचललं, तळहातावर घेतलं आणि चालत गेली. हत्तीवरून, राक्षसांवरून, शेवटच्या ठिपक्यांच्या रांगेवरून, थेट खोलीतल्या पेटीपर्यंत. बाहुली पेटीत ठेवल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

तू सगळ्यांत आधी भानावर आलीस. "मामंजी, राणी वेढ्याबाहेर गेली."

"ही काय खेळी झाली? हा तर रिवाज."

"होय. रिवाज." तू आवाज चढवला नाहीस. "तुम्हीच सांगा, या घरात नियम मोठा की रिवाज मोठा? रिवाज धाकटा असेल तर अंबू रिवाज नसताना त्रिचीला जाईल. मोठा असेल तर राणी सुटली. कसंही म्हणा, मी ऐकते."

अप्पांची कापी निवली. मी खांबाला धरून उभी होते. शेवटी ते खुर्चीत बसले, कागद मागितला, पेन मागितलं, तळाशी इंग्रजीत एक ओळ लिहिली. मग दुसरा कागद घेतला आणि ओरत्तनाडूला पत्र लिहिलं, की मुलगी पुढे शिकणार आहे, क्षमा असावी. जूनमध्ये अण्णा मला त्रिचीला पोहोचवून आला. तू स्टेशनावर आली होतीस आणि माझ्या पिशवीत चकल्यांच्या डब्यावर ती मान डोलवणारी बाहुली ठेवली होतीस. अभ्यासाला बसताना टिचकी मार, म्हणालीस.

अप्पांनी लिहिलेली ती ओळ, 'सीज लिफ्टेड अंडर प्रोटेस्ट, क्वीन पुट टु स्लीप बाय डॉटर-इन-लॉज इंट्रीग.' म्हणजे वेढा उठवला, पण हरकत नोंदवून. राणी निजवली गेली ती सुनेच्या कारस्थानानं. अप्पांना खात्री होती की तू सासूला फितवलंस. ते रागानं नाही, कौतुकानं म्हणत. येईल त्या पाहुण्याला सांगत, आमच्या सूनबाईनं सासू फितवून वेढा फोडला. पाहुणे हसत, आणि तुझा चेहरा उतरे. "मी फितवलं नाही, मामंजी. मी डोक्यानं जिंकले. ती ओळ खोडा." दर नवरात्रात एकदा तरी हे व्हायचं. एकदा तर तू दिव्यावर हात ठेवून शपथ घ्यायला निघालीस, आईनं ओढून आणलं. अप्पांनी ओळ खोडली नाही. माझं बी.एस्सी. होण्याआधी ते गेले. दोन वर्षांनी आई गेली, तोंड न उघडता.

आणि मी. मी का बोलले नाही? आधी भीती होती, बोलले तर पण मोडेल, त्रिची सुटेल. ती भीती पदवीच्या दिवशी संपायला हवी होती. संपली, आणि तरी बोलले नाही. खरं कारण लाजिरवाणं आहे. वहिनीनं मला सोडवलं, ही गोष्ट मी हॉस्टेलात सांगितली, शाळेत सांगितली, नवऱ्याला लग्नाआधी सांगितली. ती गोष्ट मला फार आवडायची. तिच्यात भिऊन मध्ये हात घालणारी मुलगी मला नको होती. तेवढ्यासाठी तुझ्या नावावर ते कारस्थान राहू दिलं.

इस्पितळात शेवटच्या रविवारी तू विचारलंस, "अंबू, त्या संध्याकाळी आत्याबाईंना कुणी सांगितलं गे?" अण्णा औषध आणायला गेला होता. खोलीत आपण दोघीच. याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणाले, "काय ठाऊक, वहिनी." तू माझ्याकडे थोडा वेळ बघितलंस. "सरि. असू दे," म्हणालीस, आणि कापी मिळेल का विचारलंस. डॉक्टरांनी बंद केली होती, म्हणून मी तीही दिली नाही. आता दोन्ही गोष्टी मला सारख्याच टोचतात.

यंदा घरात कोलू मांडायचा नाही, तुझं दुखवट्याचं वर्ष आहे. पण काल दुपारी अण्णा बँकेत गेल्यावर मी बाहुल्यांची पेटी उघडली. अप्पांचा कागद तळाशी होता, पिवळा पडलेला. तो आजवर मी कधी सबंध वाचला नव्हता. नियम सगळ्यांना पाठ आहेत असं आपण सगळेच समजत होतो, अप्पासुद्धा. आपणच लिहिलेलं कोण वाचतं? मी चौथ्या नियमापाशी थांबणार होते. थांबले नाही, खाली उतरले. नियम अकरावा. पहिल्या वर्षी, आरसा नवा आणला तेव्हा लिहिलेला, आणि आरसा नेहमी लांब कोपऱ्यात पडत असल्यानं कधीच न लागलेला. हत्तीच्या वाटेत पाण्याकाठचा ठिपका आला, तर कितीही पांढरे पडोत, हत्ती तिथं पाणी प्यायला एक खेळी थांबेल.

मी उठून दार लावलं. जमिनीवर खडूनं ठिपके काढले. राणी दोन ठिपके आत, आरसा तिच्या कडेनं, हत्ती तीन ठिपक्यांवर. मला ती मांडणी डोळे मिटून येते. हत्ती उचलला आणि सरळ रेषेत एक एक पाऊल टाकत आणला. पहिलंच पाऊल आरशाच्या काठावर पडलं.

तो थांबला असता, वहिनी. सहाच्या सहा पांढरे पडले असते तरी थांबला असता. मग खेळी तुझी, आणि तुला हवे होते फक्त दोन. दोन दिवस तू राणीला काठाकाठानं वळशानं नेत होतीस ते याचसाठी. मज काही भीती नाही, म्हणालीस ते याचसाठी. मी तिथं फरशीवर बसले आणि मोठ्यानं हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. एवढी हुशार बाई आमच्या घरात स्वयंपाक करत होती आणि आम्ही तिला कारस्थानी म्हणत होतो.

आणि तू गप्प बसलीस. त्या सकाळी अकरावा नियम काढून अप्पांच्या पुढे ठेवू शकली असतीस. "डाव पुन्हा मांडा, मग दाखवते," असं एकदा म्हणालीस आणि लगेच विषय बदललास, तेव्हा मला वाटलं, थाप मारते. डाव पुन्हा मांडला असता तर पणही पुन्हा मांडावा लागला असता. चिंचोक्यांचा काय भरवसा, दोन पांढरे न पडायचीही थोडी वाट असतेच. हाती आलेली माझी सुटका तू तेवढ्यासाठी पुन्हा पटावर ठेवली नाहीस. अप्पांची ओळ खोडून घ्यायची एवढी हौस असून ठेवली नाहीस. मी पदवीधर होईपर्यंत थांबलीस, आणि तोवर दाखवायला अप्पा उरले नाहीत.

मी आज सकाळी तुझ्या माहेरच्या, पापनाशमच्या शाळेत शिकवायला जायच्या आधी तो कागद घेऊन बसले. अप्पांची ओळ पट्टीनं, एका रेघेत खोडली. शिरस्तेदारांच्या अक्षरावर फराटे मारायला मन होईना. तिच्याखाली देवनागरीत लिहिलं: राणीला अंबुजानं निजवायला सांगितलं, भिऊन. सूनबाईला ठाऊक नव्हतं. नियम अकरा पाहावा. वेढा सूनबाईनं आधीच फोडला होता.

खाली सही केली. अण्णाला वाचता येईना, तर मी वाचून दाखवलं. दोनदा.